३५ हजारांची हार्डटेल सायकल घेताय? अकोल्यात चालवायची असेल तर आधी हे तपासा

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव आहे क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे ३५ हजारांची सायकल घ्यायची तर साधारण सव्वाचार क्विंटल कापूस गेला. अकोल्यात हा हिशोब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरीही एवढे पैसे मोजताना दुकानात प्रश्न विचारले जातात ते दोनच. "गिअर किती आहेत?" आणि "डबल डिस्क आहे ना?"

गंमत अशी की या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून सायकल चांगली की वाईट हे जवळपास काहीच कळत नाही.

आधी हार्डटेल म्हणजे काय ते बघू. पुढच्या चाकाला शॉकअप असतो, मागे काहीच नसतं. मागची बाजू कडक, म्हणून हार्डटेल. दोन्हीकडे शॉकअप असलेली चांगली माउंटन बाईक लाखाच्या पुढे जाते. त्यामुळे १२-१५ हजारांत पुढे-मागे शॉकअप दिसला तर समजायचं, की आपण जास्तीच्या वजनाचे पैसे देतोय. २५ ते ५० हजारांत काहीतरी दणकट हवं असेल तर हार्डटेल हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

पण ती चालवणार कुठे?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून गिनीज रेकॉर्ड झाला होता, ते आठवत असेल. रोज सकाळी अशाच गुळगुळीत रस्त्यावर २०-२५ किलोमीटर मारायचे असतील तर हार्डटेल घेऊ नका. जाड टायर आणि शॉकअपचं वजन तुम्ही उगाच ओढत बसाल. तेवढ्याच पैशांत हायब्रिड सायकल हलकी आणि वेगवान मिळते.

हार्डटेलचं काम डांबर संपतं तिथे सुरू होतं. शेतातले पांदण रस्ते, महानच्या काटेपूर्णा धरणाकडचा भाग, पातूरच्या टेकड्या, नरनाळ्याच्या पायथ्याचं शहानूर. (अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर वन विभागाचे नियम आणि परवानगी आधी बघायची.) आठवड्यातून एकदा जरी असं फिरणं होणार असेल, तर पुढे वाचा.

सायकलसोबत एक पुस्तिका येते, जी कुणीच उघडत नाही. त्यात ही सायकल कुठल्या वापरासाठी बनवली आहे ते लिहिलेलं असतं. बऱ्याच कंपन्या अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेचे वर्ग वापरतात. वर्ग २ म्हणजे कच्चा रस्ता चालेल, पण उडी १५ सेंटीमीटरपर्यंतच. वर्ग ३ म्हणजे खडबडीत पायवाट आणि ६१ सेंटीमीटरपर्यंतची उडी. दिसायला सारख्या दोन हार्डटेल या बाबतीत वेगळ्या असू शकतात. मुलगा बांधावरून सायकल उडवणार असेल, तर हा आकडा रंगापेक्षा महत्त्वाचा आहे.

आता गिअर. २१ गिअर म्हणजे पुढे ३ आणि मागे ७ चक्र्या. यातले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच असतात. खरा प्रश्न असतो सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे. त्यासाठी पुढच्या सगळ्यात लहान चक्रीच्या दातांना मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीच्या दातांनी भागायचं. २१ गिअरच्या सायकलवर २४ भागिले ३४, उत्तर ०.७१. पुढे एकच ३२ दातांची चक्री आणि मागे ९ गिअर, त्यातली मोठी ४६ दातांची, तर ३२ भागिले ४६, म्हणजे ०.७०. चढाला दोन्ही सारख्याच. परतवाड्याहून समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवरच्या चिखलदऱ्याला जायचं तर हे उत्तर ०.७ च्या आसपास किंवा कमी हवं. सपाट अकोल्यात त्याची आठवणही येणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट मागच्या चाकाच्या हबमध्ये लपलेली असते. दुकानदाराला विचारा, "कॅसेट आहे की फ्रीव्हील?" ७ गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा फ्रीव्हील असतं. त्यात बेअरिंग एक्सलच्या टोकापासून आत राहते, त्यामुळे वजनदार माणूस खड्ड्यात आदळला की एक्सल वाकू शकतो. कॅसेट हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असते. ३५ हजारांत फ्रीव्हील मिळत असेल तर दुसरी सायकल बघा.

ब्रेकचंही तसंच. डबल डिस्क आहे, ठीक. पण केबलवर चालते की ऑइलवर? हायड्रॉलिक ब्रेक दोन बोटांनी लागतो आणि उतारावर हात दुखत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने सवयीने मोटरसायकलचं ब्रेक ऑइल भरलं, तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. तो बिघाड नेमका उतारावर समजला तर काय होईल, हे सांगायला नको. जवळपास हे काम जाणणारा मेकॅनिक नसेल तर चांगल्या प्रतीचा केबल डिस्क ब्रेक घेण्यात कमीपणा नाही.

शॉकअपबद्दल स्पष्ट सांगायचं तर या किमतीत तो सायकलचा सगळ्यात कमजोर भाग असतो. आत साधी स्प्रिंग, ८० ते १०० मिलिमीटरची हालचाल, आणि ५० किलोच्या पोरीला आणि ९० किलोच्या काकांना एकच सेटिंग. त्याच्याकडून तीनच अपेक्षा ठेवा. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवलं तर खटखट वाजू नये, दाबल्यावर अडकू नये, आणि डांबरावर तो बंद करायला लॉकआउट असावा. हवेचा शॉकअप मिळाला तर उत्तम, कारण पंपाने तो आपल्या वजनाप्रमाणे लावता येतो.

आता अस्सल वऱ्हाडी अडचण. बाभळीचे काटे. पांदणीवर पंक्चर होणार हे धरूनच चला. रिम ट्यूबलेस रेडी असेल तर सीलंट भरून बारीक काट्यांचा त्रास बराच कमी होतो. ट्यूबच ठेवायची असेल तर वॉल्व बघा. मोटरसायकलसारखा जाड वॉल्व असेल तर मूर्तिजापूरच्या पंपावरही हवा भरता येते. बारीक वॉल्वला अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवावा लागतो.

पावसाळ्यातल्या काळ्या मातीला मात्र कुठलीच सायकल पुरून उरत नाही. माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते, की चाक फिरायचं थांबतं. टायरच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा असेल तर थोडं जास्त अंतर जाता येईल, एवढंच. तशा दिवशी रस्त्यावरच राहिलेलं बरं.

साइजमध्ये तडजोड नको. दुकानात उरलेली मोठी फ्रेम "सीट खाली करून देतो" म्हणत गळ्यात मारली जाते. सायकलवर दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांच्यात किमान ५ सेंटीमीटर अंतर हवं. ऑनलाइन मागवली तर जोडणीकडे लक्ष ठेवा. शॉकअप उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर अजूनही दिसतात. बिलावरही नजर टाका, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे.

आणि पैसे देण्याआधी त्याच मॉडेलचा एक जादा डिरेलर हँगर मागून घ्या. मागचा डिरेलर ज्याला लटकतो तो हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. सायकल उजवीकडे पडली की फ्रेमऐवजी तो वाकावा, म्हणूनच मऊ बनवलेला असतो. पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि दोन वर्षांनी शोधायला गेलं तर मिळेलच असं नाही.