चौदा दिवस आणि एक कागद

खंडाळा म्हटलं की पुष्कळांना बोरघाटातलं थंड हवेचं ठिकाण आठवतं. मी सांगतोय ते सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याबद्दल. पुण्याकडून येताना नीरा ओलांडली की हा तालुका सुरू होतो आणि पुढे खंबाटकीचा घाट लागतो. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा भाग. धोम-बलकवडीच्या कालव्याचं पाणी आलं तसा इथल्या शिवारात ऊस दिसू लागला. म्हावशीला साखर कारखाना उभा राहिला, तोही भुईंजच्या किसन वीर कारखान्याच्या भागीदारीत. पुढे हे दोन्ही कारखाने आर्थिक अडचणीत आले आणि शेतकऱ्यांची उसाची बिलं थकली. अशा वेळी एक प्रश्न हमखास कानावर येतो: ‘सरकार काय करतंय?’ त्याचं उत्तर जरा समजून घेण्यासारखं आहे.

कायदा नाही असं मुळीच नाही. केंद्र सरकारचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश स्पष्ट आहे. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. किती द्यायचे तेही ठरलेलं असतं. २००९ पासून त्याला एफआरपी म्हणतात, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला तो टनाला ३,५५० रुपये होता. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हातात टनाला तीन हजार पडतात असं धरा. पन्नास टन ऊस घालणाऱ्याचे दीड लाख झाले. ते सहा महिने अडकले तर व्याज होतं सव्वाअकरा हजार. हे व्याज कारखाना आपणहून बिलात धरतो, असं मी तरी क्वचितच पाहिलं. आणि इकडे सोसायटीचं पीककर्ज मुदतीत फिटलं नाही तर शेतकऱ्याची व्याजसवलत जाते, ती मात्र ताबडतोब.

पैसे थकले की पुण्याच्या साखर संकुलात बसणारे साखर आयुक्त सुनावणी घेतात आणि महसुली वसुलीचं प्रमाणपत्र काढतात. यालाच आपल्याकडे ‘आरआरसी’ म्हणतात. वर्तमानपत्रात ‘अमुक कारखान्यावर आरआरसी’ अशी बातमी येते आणि वाटतं, आता पैसे मिळणार. पण तो कागद तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे. तहसीलदार साखरेच्या गोदामाला सील ठोकायला जातात, तर ती साखर आधीच बँकेकडे तारण! बँक म्हणते, पहिला हक्क आमचा. मग पत्रव्यवहार सुरू होतो. एकेका टेबलावर नियमाप्रमाणेच काम चाललेलं असतं. हंगाम मात्र संपून जातो.

दुसरं हत्यार गाळप परवान्याचं. थकबाकी असेल तर आयुक्त परवाना अडवू शकतात. पण उभा ऊस शेतात आणि परवाना नाही, तर मार कोणाला बसणार? पुन्हा शेतकऱ्यालाच. हे कारखानदारालाही पक्कं ठाऊक असतं. अधिकाऱ्याची अडचण इथे खरी आहे, तेवढं मान्य केलं पाहिजे.

आता राजकारणाकडे येऊ. सहकारी कारखान्याचं संचालक मंडळ बरखास्त करण्याचा आदेश निघाला, तर अपील राज्य सरकारकडे, म्हणजे व्यवहारात सहकारमंत्र्यांकडे. आयुक्तांची बदली सरकारच्या हातात. सरकारमध्ये, आमदारांमध्ये, विरोधी बाकांवरसुद्धा कारखानदार मंडळी. आमच्याकडचंच पाहा. किसन वीरची सूत्रं दीर्घकाळ मदन भोसले यांच्याकडे होती. ते वाईचे माजी आमदार. मे २०२२ मध्ये निवडणूक होऊन ती वाईचे आमदार मकरंद पाटील यांच्या पॅनेलकडे गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पाटील राज्याचे मंत्री झाले. यात बेकायदा काही नाही, आणि मी कुणावर आरोपही करत नाही. कारखाना वाचावा असं इथल्या शेतकऱ्यालाही वाटतंच. २०२४ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने राष्ट्रीय सहकार विकास निगमाचं कर्ज मिळालेल्या कारखान्यांत किसन वीर आणि खंडाळा ही दोन्ही नावं होती. मुद्दा एवढाच, की ज्याच्यावर देखरेख ठेवायची आणि ज्याने ठेवायची ते एकाच मांडवात बसलेले असतात. अशा मांडवात आयुक्ताचा आवाज किती चढणार?

राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त झालं, तेव्हा त्यावर जवळजवळ सगळ्या पक्षांची मंडळी होती. कारखान्यांना दिलेल्या कर्जांवरूनच तिथे वाद पेटला. पण तो स्वतंत्र विषय आहे.

आणखी एक उदाहरण. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. पुणे आणि नाशिक विभागांत पहिला हप्ता दहा टक्के उतारा धरून द्यायचा, उरलेलं हंगाम संपल्यावर उतारा निश्चित झाला की. म्हणजे चौदा दिवसांचा नियम कारखान्यांना जड जातो, म्हणून नियमच सैल केला! पुढे सरकार बदललं. पुन्हा एकरकमी एफआरपी करू अशी घोषणा झाली, पण निर्णय जागेवरच राहिला. अखेर राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी तो रद्द केला. विषय केंद्राच्या आदेशाखालचा, त्यात राज्याला असा फेरफार करता येत नाही, असा त्याचा अर्थ. ज्या सरकारने आरआरसीची अंमलबजावणी करायची, त्याच सरकारविरुद्ध शेतकऱ्याला कोर्टात जावं लागलं, ते असं.

म्हणून ऊस घालणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. वजनाची पावती जपून ठेवा. ऊस पोचल्याची तारीख तिच्यावर आहे ना, पाहा. पंधराव्या दिवशी बिल आलं नसेल तर कारखान्याला लेखी अर्ज द्या, त्यात पंधरा टक्के व्याजाची मागणी शब्दांत लिहा, पोच घ्या आणि एक प्रत साखर आयुक्तांकडे पाठवा. गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून पाठवली तर जास्त बरं.