वाचवायचा तो घाम

वर्गात मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. भर उन्हाळ्यात, ओसाड मुलखात तुमची गाडी बंद पडली आहे. जवळ चार लिटर पाणी आहे आणि मदत केव्हा येईल ते माहीत नाही. पाणी कसे वापराल? बहुतेक मुले म्हणतील, 'घोटघोट पिऊन पुरवू.' मोठी माणसेही हेच सांगतात. हे उत्तर कितपत बरोबर आहे ते पाहण्यासाठी आपण ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी जाऊ.

ॲलिस स्प्रिंग्ज या गावापासून पश्चिमेकडे, मॅक्डॉनेल डोंगररांगेतून सुमारे २२३ किलोमीटर लांबीची एक पायवाट जाते. तिचे नाव लारापिंटा. तिथल्या मूळच्या अरेर्न्टे लोकांच्या भाषेत फिंक नदीचे हे नाव आहे. नदीचे पात्र बहुतेक काळ कोरडे असते, मधूनमधून डोह तेवढे टिकतात. या भागात वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन चालणारे लोक इथे येतात ते मुख्यतः मे ते ऑगस्ट या काळात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. जानेवारीच्या उन्हाळ्यात ही वाट चालणे धोक्याचे का, याचे उत्तर आपल्या त्वचेत आहे.

त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. जुलैत तिथे दुपारची हवा २० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे शरीरातली जादा उष्णता सरळ हवेत जाते. जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान ३६ अंशांच्या आसपास जाते. आता हवा आपली उष्णता घेत नाही, उलट देऊ लागते. शिवाय डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला खडक. अशा वेळी शरीरापाशी एकच उपाय उरतो, घाम.

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने घाम आपल्याला गार ठेवतो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. शरीराचा विशिष्ट उष्मा ०.८३ धरला, तर ७० किलो वजनाच्या माणसाचे तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात. म्हणजे एक लिटर घाम दहा अंशांची वाढ टाळतो! घाम थांबला तर काय होईल, हे मुलांनाच सांगू द्या.

पण कोरड्या हवेत एक फसगत होते. कोकणात घामाने सदरा चिंब होतो, तेव्हा घाम आल्याचे कळते. इथे घाम त्वचेवर येताक्षणी उडून जातो. अंग कोरडे राहते आणि पाणी कमी होत असल्याची जाणीवच होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञ ई. एफ. ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. १९४७ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतून दोन गोष्टी दिसल्या. पाणी हाताशी असूनही माणसे गमावलेल्या पाण्यापेक्षा कमी पितात. आणि पाणी कमी प्यायल्याने घाम काही कमी होत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कडक उन्हात चालताना तासाला एक लिटरच्या आसपास घाम जातो. सावलीत स्वस्थ बसल्यास त्याच्या पाव ते एक तृतीयांश. म्हणजे चालणाऱ्याचा चार लिटर घाम चार तासांत जाईल, सावलीत बसणाऱ्याला त्यासाठी बारा ते सोळा तास लागतील. घोट मोजून पाणी वाचत नाही, फक्त ते पोटाऐवजी बाटलीत राहते. वाचवायचा असतो तो घाम. म्हणून सावली धरावी, सैल आणि अंगभर कपडे घालावेत, दुपारी हालचाल टाळावी आणि तहान लागेल तेव्हा पाणी प्यावे. गाडी सोडून चालत निघू नये, हा तिथला पहिला नियम आहे. गाडीची सावली मिळते आणि शोधणाऱ्यांना गाडी लवकर दिसते. विदर्भातला शेतकरी मे महिन्यात डोक्याकानाला पंचा गुंडाळतो आणि दुपारी झाडाखाली थांबतो, तोही हेच करत असतो.

मग भरपूर पाणीच का नेऊ नये? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. उन्हाळ्यात दहा तास चालायचे तर दहा किलो पाणीच झाले. ते वाहण्यासाठी जादा श्रम, म्हणजे पुन्हा जादा घाम. म्हणूनच लारापिंटाच्या बहुतेक मुक्कामांवर पाण्याच्या टाक्या आहेत. मात्र घामाबरोबर मीठही जाते. तासन् तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातले मीठ घटून जिवावर बेतू शकते, म्हणून सोबत खारट खाणेही हवे.

शेवटी एक सोपा प्रयोग आम्ही सुचवतो. एका विद्यार्थ्याचा कोरडा हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मनगटाशी पिशवी सैलसर बांधा. दहा-पंधरा मिनिटांत पिशवीला आतून दव धरेल. हात कोरडा होता, मग हे पाणी आले कुठून? मुलांना हे उमगले, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात मैदानावर खेळताना तहानेची वाट न पाहता पाणी का प्यायचे, ते वेगळे सांगावे लागणार नाही.