‘माऊली’ या हाकेचा अर्थ

करकंब (ता. पंढरपूर) : मराठी व्याकरणातील आठवी विभक्ती संबोधनाची. शाळेत ती हाक मारण्याची विभक्ती म्हणून शिकविली जाते आणि बहुतेकांच्या लेखी विषय तेथेच संपतो. वास्तविक या शब्दाच्या पोटात ‘बोध’ आहे. समोरच्याला जागे करणे, त्याला जाणीव करून देणे, हाही संबोधनाचा अर्थ आहे. माणसाला हाक मारणे आणि त्याच्या प्रश्नाला हात घालणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे पाहायचे तर आषाढीच्या तोंडावर करकंबला यावे.

पंढरपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे हे गाव. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची आणि पैठणहून निघणारी संत एकनाथांची, अशा दोन पालख्या येथून जातात. दिंडीत प्रत्येकजण दुसऱ्याला ‘माऊली’ म्हणतो. मूळ उपाधी ज्ञानेश्वरांची. वारीत मात्र ती अनोळखी शेतकऱ्याला, म्हातारीला, पोलिसालाही मिळते. वय, जात, हुद्दा यांपैकी काहीही न विचारता आदराने बोलावण्याची अशी रीत अन्यत्र क्वचितच आढळेल.

परंतु ज्याला ‘माऊली’ म्हटले, त्याचे पाय सोललेले असतात. त्याला पाणी हवे असते, रात्री पाठ टेकायला कोरडी जागा हवी असते. पेरणीच्या दिवसांत घर सोडून आलेल्याचे निम्मे मन शिवारात आणि सोसायटीच्या कर्जात अडकलेले असते. त्याची आध्यात्मिक भूक आणि ही ओझी वेगवेगळी करता येत नाहीत. ज्यांची पालखी करकंबहून जाते त्या नाथांची कथा येथे आठवते. रामेश्वरासाठी आणलेले कावडीतील गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. कथेची ऐतिहासिकता काय असेल ती असो. चारशेहून अधिक वर्षे मराठी माणूस ती सांगत आला आहे.

हाक आणि हक्क यांची गल्लत मात्र पंढरीतही झाली. चोखोबांची गणना संतांत झाली, त्यांचे अभंग गायिले गेले. पण त्यांना देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच आहे. हे दार सर्वांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावे लागले. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशेहून अधिक वर्षे झाली होती.

संबोधनाचा पूर्ण अर्थ ज्यांनी आचरणात आणला, ते गाडगे महाराज (१८७६-१९५६). त्यांची पद्धत पाहण्याजोगी होती. गावात शिरताच ते खराट्याने रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात निरूपण थोडे, प्रश्नच अधिक. ते सोपे प्रश्न विचारीत, श्रोते उत्तरे देत आणि बोलता बोलता आपल्याच तोंडून आपल्या कर्जाचा, दारूचा, नवसातील पशुबळीचा हिशेब ऐकत. ताट नसले तर भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, हा त्यांचा सांगावा. समोरच्याला अडाणी ठरवून उपदेश करणारे तेव्हाही पुष्कळ होते. अडाण्याकडूनच उत्तर काढून घेणारा हा एकच. पंढरपूरच्या वारीत लोक दर्शनाच्या रांगेत असताना बाबा वाळवंट झाडीत. ज्यांना इतर ठिकाणी उतरू दिले जात नसे, त्यांच्यासाठी त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एकाच वास्तूने आधी वारकऱ्याच्या निवाऱ्याचा आणि पुढे शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला.

बाबांच्या खराट्याचा प्रश्न मात्र उरला. काही लाख माणसे एका लहान शहरात उतरतात, तेव्हा शौचालये अपुरी पडणारच. वारीनंतर सफाई कामगारांना हाताने मैला उचलावा लागतो, ही बाब मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. अशा कामास मनाई करणारा केंद्रीय कायदा २०१३ चा. त्यानंतर नदीपलीकडे ६५ एकर जागेत दिंड्यांसाठी पाणी व शौचालयांची सोय झाली. पालखी मार्गांवरील मुक्कामांत फिरती शौचालये ठेवली जाऊ लागली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वारी केलेल्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, पालख्या परतीला लागतात. शहर रिकामे होताच झाडू घेऊन कामगार वाळवंटात उतरतात. तोवर ‘माऊली’ म्हणणारे बहुतेकजण आपापल्या गावच्या वाटेला लागलेले असतात.