मोहरीचं लग्न लावायचं कसं?

आज आई किंवा बाबा फोडणी देत असतील तेव्हा मिसळणाच्या डब्यातली एक चमचा मोहरी मागून घ्या आणि मोजायला बसा. बोटं दुखतील, कारण चमचाभर मोहरीत हजारभर दाणे सहज निघतात! एक हजार दाण्यांचं वजन जेमतेम ४ ते ५ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा बरं का, पुढे तो आपल्याला लागणार आहे.

आता भंडारा जिल्ह्यात चला. साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर, सगळा धानाचा मुलूख. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. दिवाळीच्या आगेमागे धान कापलं जातं. मग शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : जमिनीत ओल शिल्लक आहे, तिचं काय करायचं? लाखोळी, जवस, हरभरा ही जुनी उत्तरं. मोहरी हे आणखी एक उत्तर. तिला धानासारखं पाणी लागत नाही आणि तिच्या दाण्यात जवळजवळ ४० टक्के तेल असतं. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल परदेशातून विकत आणतो. म्हणजे तेवढ्याच जमिनीत जास्त मोहरी पिकली, तर शेतकऱ्याचाही फायदा आणि देशाचाही.

पण जास्त पिकणार कशी? एक उपाय तुम्ही ऐकला असेल : संकरित बियाणं. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की त्यांची संतती पुष्कळदा आईबापांपेक्षा जोमदार निघते. याला संकरजोम म्हणतात. ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतात १९६४ साली आला. खेड्यापाड्यांत त्या ज्वारीला ‘हायब्रीड’ हेच नाव पडलं! मग मोहरीचं घोडं कुठे अडलं?

अडलं ते तिच्या फुलात. मोहरीचं फूल हातात घेऊन पाहा. चार पिवळ्या पाकळ्या, सहा पुंकेसर (चार उंच, दोन बुटके) आणि मधोमध स्त्रीकेसर. सगळं एकाच घरात! बहुतेक वेळा त्या फुलाचेच पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात आणि बी धरतं. बाहेरच्या नवरदेवाची वाट कोण पाहणार?

संकर करायचा तर हातानेच करावा लागतो. उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी हलकेच उघडायची. बारीक चिमट्याने सहाही पुंकेसर काढून टाकायचे. कळीवर कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग आणून कुक्षीवर लावायचे आणि पुन्हा पिशवी बांधायची. इतक्या खटाटोपानंतर मिळते एक शेंग, आणि तिच्यात दहापंधरा दाणे!

आता काढा तो मघाचा आकडा. एकरभर शेताला साधारण २ किलो बियाणं लागतं. म्हणजे झाले चारएक लाख दाणे. एका शेंगेत बारा दाणे धरले, तर नुसत्या एका एकरासाठी तेहेतीस हजारांवर फुलांची लग्नं लावावी लागतील! प्रयोगशाळेत हे चालतं. लाखो एकरांसाठी कसं चालणार?

गंमत अशी की आपली मोहरी मुळात संकरातूनच जन्मली आहे. जपानमध्ये काम करणाऱ्या नागाहारू यू या शास्त्रज्ञाने १९३५ साली हे कोडं सोडवलं. एका जातीच्या १० गुणसूत्रांच्या जोड्या आणि दुसरीच्या ८, दोन्ही एकत्र येऊन १८ जोड्यांची मोहरी तयार झाली. निसर्गाने हे लग्न फार पूर्वीच लावून दिलं होतं.

माणसाला मात्र युक्ती काढावी लागली. युक्ती अशी : ज्या झाडाचे स्वतःचे पराग वांझ आहेत असं झाड ‘आई’ म्हणून घ्यायचं. शेजारच्या ओळींत ‘बाप’ वाण लावायचा. पराग आणण्याचं काम मधमाश्या आणि वारा करतील. चिमटा नको आणि पिशवीही नको!

पण थांबा, इथे एक पेच आहे. आईचे पराग वांझ, तसेच मुलीचेही वांझ निघाले तर? कोबीचं चाललं असतं, कारण आपण त्याची पानं खातो. मोहरीचे आपल्याला दाणेच हवेत. शेतकऱ्याच्या शेतात पराग नसतील तर दाणे कुठून भरणार? म्हणून बापाकडे असा गुण हवा, जो मुलीचे पराग पुन्हा जागे करील.

अशा जोड्या दोन वाटांनी जमवल्या गेल्या. एक वाट मोहरीच्या रानटी नातेवाइकांकडून असे गुण आणण्याची. दुसरी वाट दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरली. मातीतल्या एका जिवाणूत ‘बार्नेज’ नावाचं जनुक असतं. ते त्यांनी आईत असं बसवलं, की ते फक्त परागकोशातच काम करतं आणि पराग तयार होऊ देत नाही. त्याच जिवाणूतलं ‘बारस्टार’ हे जनुक बापात बसवलं. ते बार्नेजला लगाम घालतं. कुलूप आईकडे, किल्ली बापाकडे! या संकराचं नाव डीएमएच-११.

केंद्र सरकारच्या जनुकीय तपासणी समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला हिरवा कंदील दाखवला आणि वादाला तोंड फुटलं. बाजूचे म्हणाले, चाचण्यांत ती वरुणा वाणापेक्षा सुमारे २८ टक्के जास्त पिकली. विरोधक म्हणाले, वरुणा तर जुना वाण, नव्यांशी तुलना करा की! शिवाय तिच्यात तणनाशक सहन करणारं जनुकही आहे. त्यामुळे तणनाशकांची फवारणी वाढेल आणि मधमाश्यांना त्रास होईल, अशीही भीती होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या दोन न्यायाधीशांचीही मतं वेगवेगळी पडली! तेव्हा कोणी एखादा आकडा सांगितला की आधी विचारा, “कशाच्या तुलनेत?”

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक असायला हवी. संकरित पिकाचेच दाणे पुढच्या वर्षी पेरले, तर झाडं एकसारखी येत नाहीत. कुणी आजीवर जातं, कुणी आजोबांवर, आणि जोमही घटतो. म्हणून संकरित बियाणं दर वर्षी नवं विकत घ्यावं लागतं. मोठ्या शेतकऱ्याला ते परवडेल. पण दोनच बांध्या असणाऱ्याचं काय?

अशा वेळी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे आठवतात. नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. १९८३ च्या सुमाराला आपल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, निवडत गेले. त्यातून बारीक, चवदार तांदळाचा वाण मिळाला. त्या वेळच्या प्रसिद्ध घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी! हा संकरित वाण नव्हे, निवडीने काढलेला. त्याचं बी घरचं राखून पेरता येतं, म्हणूनच तो शेतातून शेतात पसरत गेला. २०१८ साली दादाजी गेले. नीट पाहणारे डोळे हीच त्यांची प्रयोगशाळा होती.

मोहरीतही असे सरळ वाण निघाले आहेत. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून महाराष्ट्रासाठी टीएएम १०८-१ हा वाण दिला. म्हणजे वाटा अनेक आहेत. कोणती धरायची हे जमीन, पाणी आणि खिसा पाहून ठरतं.

आता तुमची पाळी. थंडी सुरू झाली की डब्यातलीच मोहरी कुंडीत पेरा. दीडेक महिन्यात फुलं येतील. एका फांदीवर कळ्या असतानाच पातळ मलमलीची पिशवी बांधा, दुसरी तशीच मोकळी ठेवा. शेंगा पिकल्या की दोन्हींकडच्या दहा-दहा शेंगांतले दाणे मोजा. पिशवीत मधमाशी शिरलीच नाही, तरी दाणे धरले का? किती कमी? की तितकेच? उत्तर वहीत लिहा, आणि आम्हालाही पत्राने कळवा!