पेटीचा गंधार का टोचतो?

शेलूबाजारला काय किंवा तुमच्या गावी काय, भजनाला पेटी असतेच. तिचे मधल्या सप्तकातले 'सा' आणि 'प' एकदम दाबून धरा, भाता सावकाश चालवा आणि कान द्या. पेटी नीट लावलेली असली, तरी सूर किंचित डोलतो. या डोलण्याला विस्पंद म्हणतात. पियानो लावणारे कारागीर हेच विस्पंद मोजत आले आहेत.

हे डोलणे मुद्दाम ठेवलेले असते! 'सा'ची कंपने सेकंदाला २४० धरू. शुद्ध 'प' त्याच्या दीडपट, म्हणजे ३६०. वरचा 'सा' दुप्पट, ४८०. आता 'सा'चा 'प', त्यालाच 'सा' मानून त्याचा 'प', असे बारा वेळा चढलो, तर सात सप्तके वरच्या 'सा'वर पोचायला हवे. गुणाकार करा. (दीडकी पाठ असलेले आजोबा घरी असतील तर उत्तमच.) दीडपट बारा वेळा घेतली की १२९.७५ येतात, दुप्पट सात वेळा घेतली की १२८. मेळ बसत नाही आणि कधी बसणारही नाही. कारण ३ चा घात नेहमी विषम, तर २ चा सम.

म्हणून ही तफावत बाराही स्वरांत सारखी वाटतात. 'प' ३५९.६ वर येतो. 'सा'ची तिप्पट ७२० आणि या 'प'ची दुप्पट ७१९.२, फरक ०.८. म्हणजे दहा सेकंदांत सुमारे आठ विस्पंद. घड्याळ लावून मोजा.

खरा भुर्दंड गंधाराला पडतो. तंबोऱ्यात उमटणारा गंधार ३०० चा, पेटीचा ३०२.४ चा. 'सा'बरोबर तो सेकंदाला नऊ-साडेनऊ विस्पंद देतो. गवयांची तक्रार काही उगाच नव्हती. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१ मध्ये सैल झाली. त्याआधीच, विसाव्या शतकाच्या आरंभी, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुतींची कंपने मोजली होती. त्यातूनच श्रुतींची पेटी पुढे आली. पण बोटांना ती अवघड!

पेटीतल्या पितळी पत्तीचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. मात्र घासलेले पितळ परत येत नाही. तेव्हा मंडळाच्या पेटीला कानस लावू नका. मोजणी तेवढी करा.