एसीच्या पंख्याला रिले हवाच

धुळे-सोलापूर महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक २११, आताचा ५२) तेरखेड्याचे नाव निघाले की लोकांना फटाके आठवतात. पण याच रस्त्यावर उन्हाळ्यात आणखी एक धंदा जोरात असतो, तो गाड्यांच्या दुरुस्तीचा. आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांकडे एप्रिल-मेमध्ये एक तक्रार हमखास येते. गाडी पळत असते तोवर एसी गार हवा देतो. ढाब्यापुढे उभी राहिली की गरम. ग्राहक स्वतःच निदान करून येतो, "गॅस संपला, भरून द्या." गॅस कमी असता तर पळत्या गाडीतही एसी रडला असता. इथे दोष बहुधा वाऱ्याचा असतो.

एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि टाकण्याची जागा म्हणजे रेडिएटरपुढचा कंडेन्सर. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. जुनी जीप, ॲम्बॅसडर यांचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून आयडलिंगला तोही मंदावतो. कंडेन्सर तापतो, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जड होतो आणि शेवटी इंजिनही उकळते. यावर उपाय म्हणजे कंडेन्सरला वेगळा विजेचा पंखा.

पंखा बसवणे सोपे आहे. घोटाळा होतो तो वायरिंगमध्ये. घाईत कॉम्प्रेसर क्लचच्या तारेलाच पंख्याची तार पिळून टेप गुंडाळली जाते. पंखा फिरतो, ग्राहक खूश होऊन जातो. पण क्लच तीन-चार अँपिअर खातो, तर पंखा दहा ते पंधरा, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. बारीक तार आणि डॅशबोर्डचे बटण एवढ्या ओझ्यासाठी बनलेले नसते. तार तापते, वरचे प्लॅस्टिक मऊ होते आणि एक दिवस ती बॉडीला टेकते. पुढचे सांगायला नको.

हॉर्नला रिले लावणाऱ्याला हे काम नवे नाही. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड तार (४ चौरस मिलिमीटरची) फ्यूजमधून ३० वर न्यावी. ८७ वरून तशीच तार पंख्याला. पंख्याची दुसरी तार रंग खरवडून बॉडीला घट्ट कसावी. क्लचच्या तारेवरून बारीक तार ८६ वर, आणि ८५ बॉडीला. एसी चालू झाला की क्लचची थोडीशी वीज रिलेला जागे करते आणि पंख्याचे ओझे थेट बॅटरी उचलते. काही रिलेंना ८७ए असा पाचवा पाय असतो. त्याला हात लावू नये. रिले झोपलेला असताना तो जोडलेला असतो, म्हणजे पंखा उलटाच चालेल.

फ्यूज २५ अँपिअरचा, आणि बॅटरीपासून एका वितीच्या आत. फ्यूज पंख्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. तो पंख्याजवळ बसवला तर मधली सगळी तार उघडी पडते.

काही ग्राहक म्हणतात, इंजिन तापल्यावरही हाच पंखा फिरू दे. मागणी रास्त आहे, पण थर्मोस्विचची पॉझिटिव्ह तार त्याच ८६ वर आणून जोडली तर वीज मागे फिरून क्लचलाही जाते. एसी बंद असताना, तेही इंजिन तापलेले असताना, कॉम्प्रेसर सुरू होतो! कारागीर मग दिवसभर एसीच्या बटणातच दोष शोधत बसतो. सरळ दुसरा रिले घ्यावा. दोघांचे ३० एकत्र, दोघांचे ८७ एकत्र. चालवणाऱ्या तारा मात्र वेगळ्या.

पंख्याचा वारा पुढून मागे वाहिला पाहिजे. जाळीपुढे कागद धरून पाहावे. कागद चिकटला तर ठीक, उडाला तर उलटा. ज्या नव्या गाड्यांत पंखा संगणक चालवतो, त्यांच्या तारेत जोड देऊ नये. तिथे हे काम आपले नव्हे.

काम झाल्यावर उभ्या गाडीत दहा मिनिटे एसी चालवून फ्यूजचा होल्डर आणि प्रत्येक थिंबल बोटाने चाचपावे. कोमट चालेल, चटका बसला तर जोड ढिला आहे. रिले, फ्यूज, तार यांची नोंद बिलात वेगळी करावी. शेजारचा स्वस्तात का करतो, याचे उत्तर ग्राहकाला तिथेच मिळते.

तेरखेड्यात एक गोष्ट जास्त जपावी लागते. फटाक्यांचा माल न्यायला आलेली गाडी कारखान्याजवळ उभी असते, किल्ली काढलेली असते, आणि तापलेल्या इंजिनामुळे पंखा आपोआप सुरू होतो. अशा मोटारीच्या कार्बन ब्रशपाशी ठिणगी पडते, रिलेच्या टोकांवरही पडते. म्हणून दोन्ही रिलेंना जागे करणारी वीज इग्निशनवरूनच घ्यावी. गाडी ताब्यात देण्याआधी इंजिन चांगले तापवावे, किल्ली काढावी आणि पाच मिनिटे बॉनेटपाशी उभे राहावे. पंखा फिरलाच, तर कुठली तरी तार थेट बॅटरीवर राहिली आहे. ती शोधूनच गाडी सोडावी.