१.४ कोटी कोटींची चिठ्ठी

अंदाजबाजाराचा, म्हणजे निकालांवरच्या पैजांच्या बाजाराचा, हिशेब वरवर साधा आहे. समजा, ‘कोलंबिया पात्र ठरणार’ हा करार ७३ सेंटला विकला जातोय. म्हणजे बाजाराच्या मते ती शक्यता ७३ टक्के. संघ पात्र ठरला तर हातात पूर्ण डॉलर, नाही तर शून्य.

वर्ल्ड बेसबॉल क्लासिकसाठी २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तैपेई आणि टूसॉन इथे पात्रता फेऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी चार संघ, त्यांतले दोन पुढे जाणार. निकारागुआ, तैवान, कोलंबिया आणि ब्राझील पात्र ठरले. कोणते चार संघ पुढे जातील, याची उत्तरं अवघी ३६. इथवर डोकं शाबूत राहतं.

आता २०२६ची मुख्य स्पर्धा घ्या. २० संघ, गटांतले ४० सामने आणि बाद फेरीचे ७. या ४७ सामन्यांचे विजेते एकाच चिठ्ठीवर लिहायचे तर वेगवेगळ्या चिठ्ठ्या होतात १४,०७,३७,४८,८३,५५,३२८. आपल्या जुन्या मोजणीत १ जलधी आणि वर ४ शंकू. सेकंदाला एक चिठ्ठी भरायला बसलात तर ४४ लाख वर्षं लागतील. देशातल्या १४० कोटी लोकांनी वाटून घेतल्या, तरी तान्ह्या बाळापासून प्रत्येकाच्या वाट्याला लाखभर येतात! अर्थात सगळ्या चिठ्ठ्या सारख्या तोलाच्या नसतात. जपान आणि झेक प्रजासत्ताक यांची लढत म्हणजे नाणेफेक नव्हे. तो तोल ठरवणं हेच भावाचं काम.

मुंबईला आकड्यांवरची पैज नवी नाही. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर इथे आकडा लागायचा. ते बंद पडल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका आला. तीन पत्ते काढायचे: ३, ६, ८. बेरीज १७, म्हणून आकडा सात. दहातला एक आकडा लागणार, पण लागला तर रुपयाला नऊच. सरासरीने शंभराचे नव्वद होतात. उरेल ते पुन्हा लावत गेलं, की ४४व्या खेळीला शंभर रुपयांतला एक रुपयाही उरत नाही. गिरणगावातले किती पगार या दहा टक्क्यांत गेले असतील, या विचारानं आजही पोटात तुटतं. तरी लोक लावत राहिले, कारण पत्ते चारचौघांसमोर उघडतात असा भरवसा होता.

तो भरवसाच खोटा निघाला तर? चंदीगडजवळच्या मोहाली जिल्ह्यात सवारा नावाचं गाव आहे. २९ जून २०२० रोजी तिथल्या मैदानावर क्रिकेटचे सामने झाले आणि त्यांचं थेट प्रक्षेपण झालं ‘श्रीलंकेतली उवा टी-२० लीग’ म्हणून. सामने जिथे चालल्याचं भासवलं, ते श्रीलंकेतलं बदुल्ला तिथून अडीच हजार किलोमीटरहून लांब! लॉकडाऊनमुळे क्रिकेट जवळपास ठप्प होतं, सटोडिये भुकेले होते. हा बनाव सट्ट्यासाठीच रचला, असं पोलिसांचं म्हणणं. पडद्यावर चेंडू पडत होता, धावा मोजल्या जात होत्या, फक्त स्पर्धा अस्तित्वात नव्हती. निकाल आयोजकाच्या मुठीत असेल, तर जलधीभर शक्यतांतली एकच उरते आणि ती त्यालाच ठाऊक असते. अशा वेळी ७३ टक्के या आकड्याला काडीचाही अर्थ नाही.

त्यासाठी अख्खी स्पर्धा बनावट असावी लागत नाही. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका मोसमात सात लाखांच्या आसपास चेंडू टाकले जातात आणि एकेका चेंडूवर पैज लागते. नोव्हेंबर २०२५मध्ये क्लीव्हलँड गार्डियन्स संघाच्या दोन पिचरांवर, ठरवून चेंडू टाकून सटोडियांना लाखो डॉलर जिंकून दिल्याचा आरोप ठेवला गेला. दोघांनीही तो नाकारला. दुसऱ्याच दिवशी लीगनं जाहीर केलं, की एका चेंडूवर २०० डॉलरच्या वर पैज घेतली जाणार नाही.